जरीच्या धाग्याची साक्ष

जर हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. पैठणीच्या पदरातून, शालूच्या काठांतून, फेट्याच्या तुऱ्यातून तो आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत आला आहे. रेशमाच्या धाग्यावर धातूची चपटी तार गुंडाळली की कलाबतू बनतो, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु हाच धागा इतिहासाचा साक्षीदार होऊ शकतो आणि त्याची साक्ष काढण्यासाठी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांना पाचारण करावे लागते, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही.

इंग्लंडातील डरहॅम येथे संत कथबर्ट यांची समाधी आहे. १८२७ साली ती उघडण्यात आली तेव्हा शवपेटीत काही प्राचीन वस्त्रे सापडली. त्यांत धर्माधिकाऱ्याने गळ्यात घालावयाचा एक भरजरी पट्टा व हातावर घ्यावयाची तशीच एक लहान पट्टी होती. राणी एल्फ्लेडच्या आज्ञेवरून ती फ्रिथस्टन या बिशपासाठी करविली, अशी अक्षरे त्यांवर भरलेली आहेत. फ्रिथस्टन ९०९ साली बिशप झाला आणि राणी ९१६ पर्यंत निधन पावली होती. तेव्हा या भरतकामाचा काळ अवघ्या सात वर्षांत बसतो. पण असे भाग्य किती वस्त्रांच्या वाट्याला येते? थडग्यांतून निघणाऱ्या बहुतेक चिंध्यांवर नाव नसते की साल नसते. तेथे धाग्यालाच बोलते करावे लागते.

मध्ययुगातील धातूचा धागा एकाच प्रकारचा नव्हता. काही ठिकाणी सोन्याची अरुंद पट्टी रेशमावर गुंडाळीत. काही ठिकाणी मुलामा दिलेली चांदी वापरीत. चीनमध्ये सोनेरी कागदाच्या पट्ट्याही विणीत. युरोपात सुमारे अकराव्या-बाराव्या शतकापासून आणखी एक स्वस्त प्रकार पसरला. जनावराच्या आतड्याच्या पातळ पडद्यावर सोनेरी वर्ख चढवून, त्याच्या पट्ट्या कापून त्या सुतावर किंवा रेशमावर गुंडाळीत. ‘सायप्रसचे सोने’ या नावाने तो ओळखला जातो. वरून पाहिले तर हे सारे धागे सोनेरीच. फरक पोटात आहे.

तो ओळखावयाचा कसा? सोनार दागिना कसोटीवर घासतो. पण केसाएवढा धागा घासावयाचा कोठे? येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनांचा झोत धाग्यावर टाकला की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते. ते मोजले की सोने, चांदी व तांबे यांचे प्रमाण कळते. सोन्याबरोबर पारा आढळला, तर सोने पाऱ्यात कालवून व आगीवर पारा उडवून मुलामा दिला असावा, असे अनुमान निघते.

धाग्याचा आकारही बोलतो. मुलामा दिलेला पत्रा कापून पट्टी केली असेल, तर तिच्या कडा धारदार असतात. मुलामा एकाच बाजूला दिला असेल, तर सोनेही एकाच बाजूला दिसते. उलट, सोन्याने मढविलेली चांदीची कांब पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून, मग ती तार चपटी केली असेल, तर सोने सर्व अंगांनी राहते आणि कडा गोलसर येतात. म्हणजे कारागिराच्या हातचे काम, तो गेल्यावर शेकडो वर्षांनी, कडेवरून वाचता येते.

मात्र येथे एक फसगत संभवते. जमिनीत पुरलेल्या धाग्यातील तांबे ओलाव्याने पाझरून जाते आणि चांदी काळी पडते. त्यामुळे पृष्ठभाग मूळच्यापेक्षा अधिक कसाचा भासतो. शिवाय मुलाम्याचा थर मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असू शकतो, आणि झोत त्याच्या आरपार जाऊन खालच्या चांदीचीही नोंद करतो. म्हणून केवळ पृष्ठभागावर विसंबून भागत नाही. धाग्याचा लहानसा तुकडा राळेत बसवून, छेद घासून गुळगुळीत करावा लागतो. तेव्हाच थरामागून थर दिसतो.

पण तुकडा कापावयाचा म्हणजे जे हजार वर्षे टिकले त्याचा अंश गमावावयाचा. म्हणून जाणते संशोधक आपोआप सुटून पडलेली टोके प्रथम घेतात, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या भिंगाने मिळते त्यासाठी कात्री उचलीत नाहीत.

आणि टिकले ते तरी किती? जरीचा खरा शत्रू काळापेक्षा तिच्यातील धातूचा मोह हाच ठरला आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंडातील कित्येक धर्मवस्त्रे सोन्यासाठी जाळली गेली. अठराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारी स्त्रिया जुन्या वस्त्रांतील सोनेरी तारा उसवून विकीत. तो त्यांचा करमणुकीचा उद्योग होता. आपल्याकडेही जुने शालू जरीच्या मोलाने विकले जातात आणि चांदी काढण्यासाठी जाळले जातात. आगीतून निघालेल्या चांदीचे वजन होते, भाव येतो. पण तार कोणी कशी ओढली, मुलामा कसा दिला, पीळ कोणत्या हाताचा होता, हे सारे राखेत जाते. ती चांदी पुन्हा मिळेल. ती साक्ष पुन्हा मिळणार नाही. काठ फाटला म्हणून शालू मोडीत देण्यापूर्वी एवढा हिशेब आपण करावा.