थरथर, धडधड, खळखळ : नौकेच्या कंपाचे निदान आणि मराठी अनुकरणवाचक शब्द

कालव्यातून चालणाऱ्या यांत्रिक नौकेचा मागील भाग हादरू लागला म्हणजे दोष शोधण्याची पहिली साधने हात आणि कान ही होत. आणि हाताकानांना जे जाणवले ते कारागिरापर्यंत पोचविण्याचे साधन म्हणजे शब्द. परिभाषेने या सर्व जाणिवांसाठी 'कंपन' हा एकच शब्द योजिला आहे. मापनास तो सोयीचा आहे; निदानास मात्र अपुरा पडतो. बोलीतील अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द या कामी किती उपयुक्त ठरतात, हे अद्याप पुरेसे पाहिले गेलेले नाही.

एक साधे गणित घ्यावे. इंजिनाचे फेरे मिनिटास 1200 असून गिअरमुळे ते निम्मे होत असतील, तर पंखा मिनिटास 600, म्हणजे सेकंदास 10 फेरे घेतो. पाते वाकले, दांडा वाकला किंवा पात्यात दोर गुंतला, तर दर फेऱ्यास एक, असे सेकंदास 10 हिसके बसतात. पंख्यास तीन पाती असून ती नौकेच्या तळाच्या फार जवळून फिरत असतील, तर सेकंदास 30 आघात होतात. सेकंदास सुमारे 20 च्या पुढे गेलेले आघात मानवी कानास सुटे ऐकू येत नाहीत. त्यांचा एक सलग खर्ज होतो.

मराठीने हीच सीमारेषा अन्त्य व्यंजनात जपलेली दिसते. धडधड, खडखड, तडतड, फडफड या डकारान्त शब्दांत आघात सुटे आहेत. थरथर, घरघर, खरखर, करकर या रकारान्त शब्दांत ते सलग झाले आहेत. 'बडबड' किंवा 'भरभर' यांसारखे शब्द या चौकटीत नीट बसत नाहीत हे खरे. परंतु यंत्राविषयी बोलताना हा भेद बराच टिकतो. नावाडी 'धडधडते' म्हणाला तर प्रथम पंख्याची पाती व दांडा पाहावा. 'थरथरते' म्हणाला तर पाती व तळ यांमधील अंतर पाहावे.

अर्थात शब्दावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन त्याच वेगाने चालवावे. कंप कायम राहिला तर दोष इंजिनात किंवा त्याच्या बैठकीत असावा. थांबला तर तो गिअरच्या मागे शोधावा. उथळ कालव्यात आणखी एक गोष्ट घडते. वेग वाढविताच नौकेचा मागील भाग खाली बसतो, तळ व गाळ यांमधून पंख्याकडे पुरेसे पाणी येत नाही आणि कंप सुरू होतो. वेग कमी करणे एवढाच त्यावर उपाय.

सुकाणूची गोष्ट निराळी. पंख्याने मागे लोटलेले पाणी सुकाणूवर आदळत असल्याने पंख्याचा दोषही सुकाणूच्या दांड्यातूनच हातास कळतो, आणि निर्दोष सुकाणूवर आळ येतो. म्हणून नौका बांधून, इंजिन बंद करून, दांडा हाताने हलवून पाहावा. तेव्हा जर तो डगडगला तर सुकाणूचे बेअरिंग सैल आहे. 'थरथर' ही चालू यंत्राची क्रिया. 'डगडग' हा वस्तूच्या सैलपणाचा गुण, जो धक्का दिल्यावर प्रकट होतो. एकाच 'कंपन' शब्दात हे दोन्ही कोंबले की तपासणीचा क्रमच हरवतो.

यापुढील प्रश्न बोलीभेदाचा आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे मँगनीजच्या भूमिगत खाणीचे गाव. तेथे कालव्यातील नौका नाही. परंतु भूमिगत खाणीत हवा खेळविणारे पंखे आणि पाणी उपसणारे पंप लागतातच, आणि त्यांचे कंप नौकेच्या पंख्याच्याच जातीचे असतात. या भागाच्या झाडीबोलीत ळकाराचा रकार होतो : काळाचे 'कारा', डोळ्याचे 'डोरा'. या नियमाने प्रमाण मराठीतील 'खळखळ' आणि 'खरखर' एकच होतात.

यंत्राच्या बाबतीत हे ऐक्य महाग पडू शकते. नौकेच्या पंख्यात किंवा पंपात पाण्याबरोबर हवा ओढली गेली की खळखळ होते. ती पाण्याची पातळी वा वेग सुधारला की थांबते. झिजलेल्या बेअरिंगची खरखर तशी थांबत नाही. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास दांडा झिजतो आणि नौकेत तर त्याच्या कडेने पाणी आत येऊ लागते. 'खरखर येते' एवढ्या तक्रारीवरून प्रमाण मराठी बोलणारा अभियंता घर्षण गृहीत धरील आणि सुस्थितीतील बेअरिंग उघडावयास लावील. किंवा एकदा असा फसल्यावर पुढच्या वेळी खरे घर्षणही पाण्याचा आवाज समजून सोडून देईल. बोलीत विशेषण जोडून हा भेद सहज साधता येतो : 'पान्याची खरखर' आणि 'लोखंडाची खरखर'. तक्रार लिहून घेणाराने 'कशाची?' एवढे विचारून उत्तर त्याच शब्दांत नोंदवावे. 'कंपन' ही नोंद अभियंत्याने तपासणीनंतर करावी.