रेखाटनासाठी झरणी आणि शाई

बॉलपेनने फाउंटन पेनची, म्हणजे आपल्या जुन्या झरणीची, लिखाणाच्या मेजावरून उचलबांगडी केली, त्याला आता दोन पिढ्या होत आल्या. दौत, ड्रॉपर, टीपकागद आणि शर्टाच्या खिशावरचा निळा डाग या गोष्टी आजोबांच्या आठवणींत जमा झाल्या. परंतु लिखाणाच्या दाराने बाहेर गेलेली ही झरणी अलीकडे चित्रकलेच्या दाराने पुन्हा घरात येऊ लागली आहे. सन २००७ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरी वृत्तपत्रासाठी चित्रे काढणारे गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी, आपण राहतो ते गाव जागेवर बसून रेखाटणाऱ्यांचा एक मेळा जमविण्यास आरंभ केला. ती हौस पाहता पाहता जगभर पसरली. आपल्याकडेही शाळा-कॉलेजांतील मुले आणि सेवानिवृत्त मंडळी खिशात झरणी व हाती वही घेऊन घाटांवर, देवळांपुढे बसलेली आढळतात.

या मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : पेन कोणते घ्यावे? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. आधी शाई ठरवावी आणि मग तिला साजेल ती झरणी घ्यावी. असे का, हे समजून घेण्यासाठी उज्जैनसारखे दुसरे गाव नाही.

वाकणकरांच्या गावी

डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म १९१९ साली नीमच येथे झाला, पण त्यांची कर्मभूमी उज्जैन. पुरातत्त्वज्ञ म्हणून त्यांचा लौकिक मोठा, तरी ते मुळात चित्रकार होते. १९५७ साली भीमबेटका येथील शैलाश्रय त्यांनी जगापुढे आणले आणि तेथील व अन्य ठिकाणच्या असंख्य शैलचित्रांच्या नकला स्वतःच्या हातांनी उतरविल्या. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९८८ साली सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले आणि २००३ साली भीमबेटक्याची गणना जागतिक वारशात झाली.

भीमबेटक्याची ती तांबडी हरणे आणि ते पांढरे हत्ती हजारो वर्षे का टिकले? दगडाचे छत डोक्यावर होते, हे एक कारण. दुसरे कारण रंगाच्या जातीत आहे. तो तांबडा रंग गेरूचा, म्हणजे लोहयुक्त खनिजाचा. तो पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण दगडाला धरून बसतात आणि उन्हाने त्यांचे काही बिघडत नाही. फुलापानांचा रस वापरला असता, तर पाहावयास आज काहीच उरले नसते.

शाईच्या निवडीचे सारे मर्म या एका भेदात आहे. बाजारातील शाया दोन जातींच्या असतात. एकीत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. दुसरीत रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पहिली झरणीला मानवते, पण बहुधा पाण्याने पसरते आणि प्रकाशात विटते. दुसरी कागदावर ठाण मांडून बसते, पण झरणीत वाळली तर तेथेही ठाण मांडून बसते!

तीन कुळे

लिखाणाच्या नेहमीच्या निळ्या, काळ्या, तांबड्या शाया पहिल्या जातीच्या. मराठी घरांत या शाईचा इतिहास आपुलकीचा आहे. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी शाईचा व्यवसाय आरंभिला आणि त्यातून पुढे ‘कॅमल’ व ‘कॅमलिन’ ही नावे घरोघर पोचली. स्वदेशीच्या त्याच वाऱ्यावर १९३४ साली बंगालमध्ये ‘सुलेखा’ शाई जन्मास आली. अशा विरघळणाऱ्या शाईचा दोष चित्रकाराला गुणासारखा वापरता येतो. रेषा काढून तिच्यावरून ओला कुंचला फिरवावा, की शाई सुटून सुरेख छाया तयार होते. एका झरणीत रेषा आणि छटा दोन्ही मिळतात. मात्र असे चित्र वहीत मिटून ठेवावे. भिंतीवर, उजेडात लावल्यास काही वर्षांत त्याचे तेज उतरते.

दुसरे कूळ मायफळ आणि हिराकस यांच्या शाईचे. कागदावर उतरताना ही फिकी असते आणि हवा लागताच काळवंडते. ती पाण्याला दाद देत नाही. परंतु ती आम्लधर्मी असल्याने हलक्या पोलादी निबेला गंज चढवते, आणि जुन्या पद्धतीची तीव्र शाई कालांतराने कागदही खाते. झरणीसाठी म्हणून मुद्दाम सौम्य केलेली असेल तरच ती घ्यावी, आणि झरणी वरचेवर धुवावी.

तिसरे कूळ काजळाचे. आपल्या पोथ्या काजळ आणि डिंक यांच्या शाईने, बोरूने लिहिल्या गेल्या. त्यांची अक्षरे शतके उलटली तरी काळीभोर दिसतात, कारण काजळ म्हणजे कोळशाचे कण. त्यांना ऊन विटवू शकत नाही. त्या जुन्या शाईला पाण्याचे भय होते, कारण डिंक पाण्यात सुटतो. आज झरणीसाठी मिळणाऱ्या काजळी शायांत, उदाहरणार्थ जपानमधील प्लॅटिनम कंपनीच्या ‘कार्बन’ शाईत किंवा सेलर कंपनीच्या ‘किवागुरो’ शाईत, कण इतके बारीक असतात की ते निबेच्या चिरेतून सुखाने वाहतात आणि वाळल्यावर कागदाच्या तंतूंत रुतून बसतात. वरून जलरंग दिला तरी रेषा हलत नाही. रेखाटन टिकावे आणि त्यावर रंगही चढवावा, अशी इच्छा असेल तर याच कुळाकडे वळावे.

येथे एक सूचना ठळकपणे द्यावयास हवी. चित्रकलेच्या दुकानात ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ किंवा ‘इंडियन इंक’ म्हणून जी काळी शाई मिळते, ती झरणीत कधीही भरू नये. ती टाकासाठी आणि कुंचल्यासाठी आहे. तिच्यात बहुधा लाख असते. ती वाळली की झरणीच्या अरुंद वाटा कायमच्या बुजतात, आणि मग पाण्याने ती सुटत नाही. बाटलीवर ‘फाउंटन पेनसाठी’ असे स्पष्ट छापलेले नसेल, तर ती शाई झरणीसाठी नाही असेच समजावे.

आता झरणी

झरणीचे कार्य समजले की निवड सोपी होते. निबेच्या मधोमध चीर असते आणि निबेखाली बारीक खाचांची जीभ असते. शाई या वाटेने स्वतःच्या ओढीने टोकापर्यंत येते आणि जेवढी शाई उतरते तेवढी हवा मागे नळीत शिरते. ही देवघेव सुरळीत असेल तर दाब न देता रेषा उमटते. रेखाटनात हात झपाट्याने फिरतो, म्हणून शाईचा प्रवाह थोडा मोकळा असलेली झरणी हवी. लिहिताना ‘जरा ओली’ म्हणून नावडलेली झरणी चित्राला पुष्कळदा उत्तम ठरते.

निबेच्या जाडीविषयी एवढे ध्यानात ठेवावे की जपानी निबेवरील ‘एफ’ ही खूण युरोपीय ‘एफ’पेक्षा सामान्यतः बारीक रेषा देते. नक्षीकाम, जाळ्या आणि छोट्या वहीसाठी बारीक निब बरी. माणसे आणि गर्दी यांसाठी मध्यम. टोकाशी वर वाकविलेली एक निब मिळते, तिला जपानी नावाने ‘फुदे’ म्हणतात. झरणी उभी धरली की ती बारीक रेषा देते आणि आडवी केली की कुंचल्यासारखी रुंद. हात थोडा स्थिरावल्यावर ती घ्यावी. प्रारंभी तिचा लहरीपणा त्रास देतो.

काजळी शाईसाठी महागडी झरणी घेण्याचे काहीच कारण नाही. स्वस्त, सहज उघडून धुता येईल अशी, आणि टोपण घट्ट बसणारी असली म्हणजे झाले. प्लॅटिनमची ‘प्रेपी’ ही स्वस्त झरणी याच टोपणाच्या गुणामुळे चित्रकारांना आवडते. जर्मनीत १९८० साली निघालेली लॅमीची ‘सफारी’ अधिक दणकट असते आणि तिची निब बदलता येते. आजोबांची जुनी झरणी घरात असेल तर तिच्यात साधी विरघळणारी शाईच भरावी. एबोनाइटची, हाताने घडविलेली भारतीय झरणी हाताला उबदार लागते आणि तिच्यात ड्रॉपरने शाई पुष्कळ मावते. ती मात्र गरम पाण्याने धुऊ नये, तिचा रंग उतरतो.

माळव्याची हवा

पुस्तकी सल्ला बहुधा थंड देशांतला असतो. उज्जैनमध्ये वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा टोपण काढून ठेवलेल्या झरणीची निब समोरचे चित्र न्याहाळीपर्यंत वाळते. म्हणून दोन रेषांमध्ये विचार करावयाचा असेल तर टोपण लावून करावा. ड्रॉपरने भरावयाच्या झरणीत शाई पाव नळीहून कमी उरली, की हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते आणि शाईचा थेंब कागदावर पडतो. ती वेळ येण्यापूर्वीच शाई भरावी. श्रावणात उलट प्रकार होतो. कागद हवेतील ओल पितो आणि तीच रेषा केसाळ होऊन पसरते.

कागदाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आपले जुने कागदी कारागीर कागदाला खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत, ते शाई पसरू नये म्हणूनच. आज हौसेने घेतलेला खडबडीत हातकागद खळ नसेल तर शाई शोषून घेतो. रोजच्या सरावाला १२० ते १५० ग्रॅम वजनाचा कार्ट्रिज कागद पुरेसा आहे. वही घेण्यापूर्वी कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहावी आणि पान उलटून मागे उमटली का तेही पाहावे.

शाईची परीक्षा घरीच घ्यावी. एका पट्टीवर प्रत्येक शाईच्या चार रेघा ओढून नावे लिहावीत. एक दिवसानंतर एक तुकडा नळाखाली धरावा. दुसरा तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून महिनाभर उन्हात ठेवावा. दक्षिणेची खिडकी यासाठी सांगितली जाते, पण उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. ज्येष्ठात सूर्य माथ्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन फारसे येत नाही. तेव्हा पश्चिमेची खिडकी किंवा गच्चीवर काचेखालची जागा निवडावी. झाकलेला आणि उघडा भाग यांत जो फरक दिसेल, तो कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगतो.

कोठे, काय वापरावे

नानाखेड्याच्या बसस्थानकावर बसून आरंभ करावा. तेथे कोणी दोन मिनिटे स्थिर राहत नाही. गाठोडे, फेटा, बसची पायरी चढणारी आजी, सारे काही क्षणांत टिपावे लागते. येथे मध्यम निब, विरघळणारी शाई आणि घरी येऊन फिरविण्यासाठी ओला कुंचला पुरे. रामघाटावर पहाटे हीच शाई शिप्रेच्या पाण्याची छाया उत्तम देते. बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेल्या गोपाळ मंदिराच्या शिखराला बारीक निब आणि काजळी शाई हवी, म्हणजे वर रंग भरता येतो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या वेधशाळेत तर सावलीच चित्राचा विषय असते. ती सतत सरकत राहते, म्हणून आधी तिची कड काजळी शाईने बांधून घ्यावी आणि भिंतीचे तपशील मागून भरावेत.

झरणीची निगा

काजळी शाईची झरणी रोज दोन रेघा तरी चालवावी. आठवडाभर काम नसेल तर रिकामी करून ठेवावी. दर दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. दोन बाटल्यांतील शाया कधी एकत्र करू नयेत, त्यांचा साका बसतो. प्रवासात झरणी उभी, निब वर करून ठेवावी.

हे सर्व एका हौसेसाठी फार झाले, असे कोणास वाटेल. पण उज्जैनचे रूप बदलत आहे. २०२२ साली ‘महाकाल लोक’ उभे राहिले. २०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. जुन्या गल्ल्यांतील लाकडी सज्जे आणि चौकाचे वाडे एकेक करून नवे रूप घेत आहेत. त्यांत कित्येक मराठी घराण्यांची बिऱ्हाडे तीन-चार पिढ्या नांदली. छायाचित्रे निघतात हे खरे, पण ती फोनमध्ये हजारोंच्या गर्दीत हरवतात. घरातल्या मुलीने अर्धा तास बसून काढलेला आजोळचा सज्जा वेगळा. त्यात कोणती कमान तिला महत्त्वाची वाटली, हेही नोंदले जाते. असे चित्र तिच्या नातवंडांना दिसावे असे वाटत असेल, तर ते काजळी शाईने काढलेले असावे. आणि चित्र पुरे झाल्यावर पानाच्या मागे शिसपेन्सिलीने जागा, दिनांक आणि शाईचे नाव लिहावे. पुढील पिढीतील कोणी ती वही उघडील, तेव्हा त्याला दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.