वेलांटी आधी की नंतर?

आपल्यातल्या कुणाला एकाच कंपनीचा कुकर लागतो, कुणाला ठरावीक गिरणीचंच पीठ, तर कुणाचं ब्लाऊज एकाच शिंपीदादांकडे ‘बसतं’. दुसरीकडे गेलं की तसं होत नाही, एवढंच आपलं म्हणणं! त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. पण हीच गोष्ट कॉम्प्युटरच्या बाबतीत झाली की मात्र घरोघरी वाद सुरू होतात.

माझ्या नात्यातले दोघे भाऊ पुण्यात हिंजवडीला आयटीमध्ये नोकरी करतात. एक मॅकवाला, दुसरा विंडोजवाला. रविवारी जेवायला एकत्र आले की आमटीचा भुरका मारता मारता यांची जुगलबंदी सुरू! मी एकदा दोघांना मशीनची अदलाबदल करून बसवलं. मॅकवर उघडलेली खिडकी बंद करायचं बटण डाव्या कोपऱ्यात, विंडोजवर उजव्या. कॉपी करायला एकीकडे ‘कंट्रोल’ आणि ‘सी’, दुसरीकडे ‘कमांड’ आणि ‘सी’. दोघंही हुशार, पण पाच मिनिटांत वैतागले. डोक्याला सगळं कळत होतं, बोटं ऐकत नव्हती!

खरं सांगू? ही निष्ठा कंपनीवरची कमी आणि बोटांतली जास्त असते. आपण ज्या मशीनवर पहिल्यांदा शिकतो, तोच आपल्यासाठी ‘कॉम्प्युटर’ होतो. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्यांचा एमएस-सीआयटी कोर्स तालुक्या-तालुक्यात पोहोचला. आपल्यातल्या कितीतरी जणींनी माऊस पहिल्यांदा तिथे हातात धरला. तिथे विंडोज होतं, म्हणून कॉम्प्युटर म्हणजे विंडोज. छपाईच्या धंद्यात मात्र पहिलं प्रेम बरेचदा मॅकवर. कारण पानं लावायचं ‘पेजमेकर’ हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशसाठीच आलं होतं.

पण आज मला सांगायचंय ते आमच्या ओळखीतल्या एका ताईंबद्दल. त्या नारायण पेठेत राहतात आणि घरातूनच डीटीपीची कामं करतात. लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, दिवाळी अंकांची पानं... अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पुस्तकांचंही काम येतं. त्यांचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला आधार देणं ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं, तरी ताईंचं मशीन सुरूच! मुलाने हौसेने नवा लॅपटॉप आणून दिला, तर ताईंनी त्याला क्रोशाचं सुंदर कव्हर विणलं आणि कपाटात ठेवला. घरात सगळे म्हणायचे, ‘आईचा हट्ट! नवीन शिकायला नको.’

मी त्यांच्याशेजारी बसून त्यांचं काम पाहिलं, तेव्हा हट्टाचा उलगडा झाला.

ताई मुळात टायपिंग इन्स्टिट्यूटच्या. लग्नाआधी मराठी तीस आणि चाळीस, दोन्ही परीक्षा पास. म्हणजे मिनिटाला चाळीस शब्द, तेही टायपरायटरवर! आता ‘किती’ हा शब्द घ्या. टायपरायटरवर आधी पहिली वेलांटी, मग क, कारण कागदावर ती खूण आधी उमटते. ‘कर्म’ लिहायचं तर क, म आणि शेवटी रफार. पण कॉम्प्युटरसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची जी मांडणी सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली, तिच्यात जसं बोलतो तसं लिहायचं. आधी क, मग वेलांटी. ‘कर्म’ला क, मग र, मग पाय मोडायचा आणि मग म. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एकदा शिकलं की त्याच कळांवर बंगाली, तमिळसुद्धा टाइप करता येतं. मांडणी म्हणून फारच शहाणी, बरं का! पण ज्या बाईच्या बोटांनी वर्षानुवर्षं वेलांटी आधी दिली, तिला ती नंतर द्यायला सांगणं म्हणजे डावऱ्या हाताने पोळ्या लाटायला सांगणं. पोळी होईल हो, पण गिऱ्हाईक दारात उभं असताना?

जुन्या टायपिस्टची ही अडचण ओळखून बहुतेक मराठी सॉफ्टवेअरनी टायपरायटरची मांडणीही ठेवली होती. यात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. ‘परम’ महासंगणकामुळे तिचं नाव झालं, पण भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणण्याचं तिचं ‘जिस्ट’चं कामही तितकंच मोलाचं. ‘श्री-लिपी’ करणारी मॉड्युलर इन्फोटेकही पुण्याचीच. या सॉफ्टवेअरवर महाराष्ट्रातल्या किती प्रेस चालल्या आणि किती घरांतल्या बायकांनी स्वतःच्या कमाईवर मुलांच्या फिया भरल्या!

मग अडलं कुठे? तर त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये आतून सगळा इंग्रजी अक्षरांचाच कारभार होता. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की सगळी खिचडी दिसते. शिवाय पुष्कळ सॉफ्टवेअर एका छोट्या ‘लॉक’वर चालायची. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. नव्या लॅपटॉपला ती खाचच नाही! म्हणजे ताईंनी लॅपटॉप उघडला असता, तर बोटांचा वेग गेला असता, लॉक चाललं नसतं आणि वर्षांचं काम वाचता आलं नसतं. तरीही आपण म्हणायचं, ‘हट्ट!’

जगातही हे असंच चालत आलंय. इंग्रजी कळपाटावरचा ‘क्वर्टी’ हा क्रम १८७० च्या दशकातल्या अमेरिकन टायपरायटरचा. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ मध्ये दुसऱ्या मांडणीचं पेटंट घेतलं, ती अधिक सोयीची असल्याचा त्यांचा दावा होता. पण तोवर सगळ्या जगाची बोटं ‘क्वर्टी’त रुळली होती. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये याच उदाहरणावर गाजलेला लेख लिहिला. एकदा माणसं, मशीन आणि शिकवणारे एका रस्त्याला लागले की नुसता ‘दुसरा रस्ता चांगला आहे’ म्हणून कुणी वळत नाही. वळण्याची किंमत मोजावी लागते आणि ती ज्याची त्यालाच माहीत असते.

मला एक गोष्ट खुपते. आयटीतला भाऊ मॅक सोडत नाही, ती त्याची ‘चॉइस’. ताई एक्सपी सोडत नाहीत, तो बाईमाणसाचा मागासलेपणा. असं का? दोघांच्याही बोटांत मेहनतच साठलेली आहे ना?

अर्थात जुन्याला कवटाळून बसण्यातही धोका असतोच. गेल्या पावसाळ्यात ताईंचं मशीन दोनदा बंद पडलं. तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने जुना पार्ट शोधून दिला खरा, पण ‘पुढच्या वेळी मिळेलच असं नाही’ असंही बजावलं. तेव्हा आमच्या बचत गटातल्या दोन मुली त्यांच्याकडे रोज दुपारी बसू लागल्या. जुन्या फाईल एकेक करून युनिकोडमध्ये आणायच्या. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक. आपल्या ‘क’ला ०९१५, मग मशीन कुठलंही असो. फॉन्ट बदलून देणारी साधनं जोडाक्षरांत हमखास गोंधळ घालतात. ते गोंधळ पकडले कुणी? ताईंनीच! मुलींच्या नजरेतून निसटलेला रफार त्यांना लांबूनही दिसायचा. आणि युनिकोड मराठी टायपरायटरच्या मांडणीतही टाइप करता येतं, हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून क्रोशाचं कव्हर काढलं. वेलांटी आजही त्या आधीच देतात. जुनं मशीनही ठेवलंय, जुन्या गिऱ्हाइकांच्या फाईलींसाठी, इंटरनेट न जोडता.

मैत्रिणींनो, हा प्रश्न आता पुष्कळ घरांत येणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा आधार थांबला. तुमच्या घरात कुणी जुना कॉम्प्युटर सोडायला तयार नसेल, तर नवा आणण्याआधी चार गोष्टी करा. या मशीनवर रोज कोणती कामं होतात, ते त्या व्यक्तीलाच विचारा. महत्त्वाच्या मराठी फाईलींची एक प्रत पीडीएफमध्ये आणि एक युनिकोडमध्ये करून वेगळ्या ठिकाणी ठेवा. नव्या मशीनवर सवयीची टायपिंगची पद्धत आधी बसवून द्या. आणि दोन-तीन महिने दोन्ही मशीन शेजारी शेजारी चालू द्या.

आपण सासरी आलो तेव्हा माहेरची फोडणी लगेच सुटली होती का? सवय मोडायला वेळ लागतो. तेवढा वेळ घरातल्या बाईलाही मिळायला हवा.