अद्भुतकथा आणि पदरमोड

ह्या वार्षिकासाठीं आमच्याकडे जे लेख येतात त्यांत मंगळावरील स्वाऱ्या, बोलके यंत्रमानव आणि जादूचे आरसे ह्यांची भरती वाढत चालली आहे. हें आम्हांस वावगें वाटत नाहीं. कित्येक विद्यार्थी त्याहून पुढें जाऊन विचारतात कीं, अशा गोष्टींचें पुस्तक आपणच छापून काढावें काय? संगणकामुळें अक्षरजुळणी घरच्या घरीं होते आणि थोड्या प्रती छापून देणारेही मिळतात; तेव्हां प्रश्न पोरकट नाहीं. पालकांस मात्र खर्चाची धास्ती वाटते, आणि तीही रास्त आहे. ह्या उभयतांपुढें एका गणितशिक्षकाची हकीकत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑक्सफर्ड येथील ख्राइस्ट चर्च कॉलेजांत चार्ल्स लटविज डॉजसन हे गणित शिकवीत असत. ४ जुलै १८६२ रोजीं डीन लिडेल यांच्या तीन मुलींस ते थेम्स नदींत नावेंतून फिरावयास घेऊन गेले असतां, सशाच्या बिळांत शिरलेल्या एका मुलीची गोष्ट त्यांनीं सहज रचून सांगितली. मधली बहीण ॲलिस हिनें ती लिहून देण्याचा हट्ट धरला. स्वतःच चित्रें काढून सजविलेलें तें हस्तलिखित तिच्या हातीं पडावयास नोव्हेंबर १८६४ उजाडला.

मध्यंतरीं डॉजसन यांनीं आपली गोष्ट जॉर्ज मॅकडोनल्ड ह्या स्नेह्यांच्या घरीं वाचावयास दिली. मॅकडोनल्ड हे स्वतः परीकथा लिहीत. परंतु कौल घेतला तो त्यांच्या मुलांचा, आणि मुलांस गोष्ट अतिशय आवडली. तेव्हां कोठें छापण्याचा विचार पक्का झाला. तरीही आहे तें तसेंच छापखान्यांत धाडलें नाहीं. मूळ मजकूर जवळजवळ दुपटीनें वाढला. हसणारें मांजर आणि चहाची ती वेडी मेजवानी, ज्यांमुळें हें पुस्तक आज सर्वांच्या ओळखीचें आहे, तीं दोन्ही प्रकरणें ह्या वेळीं नव्यानें लिहिलेलीं आहेत. गोष्ट संपतांच खालीं सही ठोकून मोकळे होणारे आमचे विद्यार्थी येथें क्षणभर थांबतील अशी आशा आहे.

आतां पैशाची बाजू. पुस्तकावर नांव मॅकमिलन कंपनीचें असलें तरी छपाईचा खर्च लेखकाचा, आणि प्रकाशकास विक्रीवर कमिशन, असा करार होता. जॉन टेनिएल ह्या नामांकित चित्रकारास ४२ चित्रांबद्दल १३८ पौंड द्यावे लागले, तेही लेखकाच्याच खिशांतून. १८६५ सालीं २००० प्रतींची छपाई झाली. आणि टेनिएल यांनीं कळविलें कीं, चित्रांच्या छपाईनें आपलें मुळींच समाधान झालेलें नाहीं. डॉजसन यांनीं ती सारी छपाई रद्द केली, स्नेह्यांस दिलेल्या प्रती परत मागविल्या, आणि दुसऱ्या छापखान्याकडून पुस्तक पुन्हां छापून घेतलें. नव्या २००० प्रती सर्व खपल्या तरी आपणांस सुमारें २०० पौंडांची खोट येईल, आणखी तितक्याच खपल्या तरच तोंडमिळवणी होईल, असा हिशेब त्यांनीं आपल्या रोजनिशींत मांडलेला आहे. परत आलेल्या प्रती इस्पितळांतील मुलांस मिळाल्या, आणि टाकाऊ ठरलेले सुटे फर्मे न्यूयॉर्क येथील एका प्रकाशकानें विकत घेतले. पालकांनीं ध्यानांत घ्यावें कीं, हा जुगार नव्हता: किती बुडेल हें आधीं ठाऊक होतें, आणि तितकें सोसण्याची ऐपत होती. ज्यास हा आंकडा मांडतां येत नाहीं त्यानें अद्याप छापखान्याची पायरी चढूं नये.

पुस्तक बाहेर पडल्यावर डिसेंबर १८६५ मध्यें ‘अथेनियम’ ह्या वजनदार साप्ताहिकानें त्यास नापास केलें. ही गोष्ट ओढूनताणून रचलेली असून खरीं मुलें तिनें रंगण्याऐवजीं गोंधळूनच जातील, असा परीक्षकाचा अभिप्राय पडला. ह्या गृहस्थांनीं ती एखाद्या मुलास वाचून दाखविली होती काय, असें विचारावेंसें वाटतें.

‘असें कोठें घडतें काय?’ हा प्रश्न अद्भुतकथेस विचारणें व्यर्थ आहे. विचारावयाचें तें हें कीं, लेखकानें जो नियम स्वतः घातला तो तो पाळतो काय? ॲलिसला एक अळंबें सांपडतें. त्याची एक बाजू खाल्ली असतां उंची वाढते, दुसरी खाल्ली असतां घटते. ती दोन्ही बाजूंचे तुकडे जवळ बाळगते. छोट्या घरापाशीं ती नऊ इंच होते, सशाच्या घरीं जातांना दोन फूट, आणि बागेच्या चिमुकल्या दारांतून शिरतांना एक फूट. प्रत्येक वेळीं तुकडा तोच आणि नियमही तोच. लेखक गणिती होता हें येथें दिसतें. विज्ञानकथेंत हा नियम निसर्गाकडून उसना घेतलेला असतो. कृष्णविवराच्या अगदीं जवळ राहून आलेल्या प्रवाशाचें घड्याळ दूर राहिलेल्या माणसाच्या घड्याळाहून मंद चालतें. हें मानल्यावर परत आलेल्या बापापेक्षां त्याचा मुलगा वृद्ध निघाला तरी आम्ही तक्रार करणार नाहीं. पण दोघांच्या वयांतलें अंतर पूर्वींइतकेंच राहिलें तर लेखकास दोष देऊं.

डॉजसन यांनीं पुस्तकावर स्वतःचें नांव घातलें नाहीं. चार्ल्स लटविज ह्या नांवांचें लॅटिन करून व क्रम उलटवून त्यांनीं ‘लुईस कॅरल’ हें टोपणनांव पूर्वींच तयार केलें होतें. अशीच उलटापालट मराठींतही झाली आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठीं ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नांवानें आली आणि तिला पहिलें बक्षीस मिळालें. लेखक होते प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरें उलटीं वाचलीं कीं उलगडा होतो. हस्ताक्षर ओळखलें जाऊं नये म्हणून कथेची प्रत त्यांनीं पत्नीकडून करवून घेतली होती. नांवाकडे न पाहतां कथेची पारख व्हावी, एवढाच हेतु.

पुढील अंकासाठीं ज्यांस अशी कथा अथवा अशा पुस्तकाचें परीक्षण पाठवावयाचें असेल, त्यांनीं आपलें नांव व इयत्ता निराळ्या कागदावर लिहून लिफाफा बंद करावा. निवड झाल्यावांचून आम्ही तो फोडणार नाहीं.