वाफेच्या वाटेतला वायू

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, अथाबास्का नदीच्या खोऱ्यात, वाळूच्या कणाकणाला बिट्युमेन चिकटलेलं आहे. त्याला तेल म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. जमिनीखालच्या थंडीत ते पाण्याच्या लाखो पट चिकट असतं. दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं की मात्र सरळ वाहू लागतं. इम्पीरियल ऑइलमधले अभियंते रॉजर बटलर यांनी १९७०च्या दशकात यावर तोड काढली. एकाखाली एक, साधारण पाच मीटर अंतर ठेवून दोन आडव्या विहिरी खोदायच्या आणि वरच्या विहिरीतून वाफ सोडायची. वाफेची पोकळी वाढत जाते, तिच्या कडेला वाफेचं पाणी होतं, त्या वेळी सुटणारी सुप्त उष्णता बिट्युमेनला मिळते आणि पातळ झालेलं तेल आपल्याच वजनानं खालच्या विहिरीत झिरपतं. या तंत्राला सॅग-डी म्हणतात.

कागदावर इथं फक्त वाफ असते. प्रत्यक्षात तेलात विरघळलेला मिथेन सुटतो. शिवाय गरम पाणी आणि गंधकानं भरलेलं बिट्युमेन यांच्या रासायनिक क्रियेतून कार्बन डायऑक्साइड आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्या तापमानाला यांतला एकही वायू द्रवरूप होत नाही.

कुकरमधली हवा निघून गेल्याशिवाय शिट्टी ठेवू नये, असं घरोघरी सांगतात. त्यामागचं शास्त्र इथंही लागू पडतं. २० बार दाबाला निव्वळ वाफेचं तापमान सुमारे २१२ अंश असतं. त्याच दाबात पाव हिस्सा वायूचा असेल तर ते १९८ वर येतं, निम्मा असेल तर १८० वर. त्यातही मेख अशी, की कडेला वाफेचं पाणी होऊन ती निघून जाते आणि वायू तिथंच साचतो. म्हणजे पोकळीत सरासरी प्रमाण नगण्य असलं, तरी जिथं उष्णता पोचायला हवी नेमका तिथंच त्याचा पडदा तयार होतो.

एवढ्यावरून वायू हा शत्रूच ठरला असता. पण खुद्द बटलर यांनीच १९९०च्या दशकाच्या अखेरीस उलटा विचार मांडला: वाफेत थोडा वायू मुद्दाम मिसळा. तो पोकळीच्या माथ्याशी जमेल, छताच्या खडकाला फुकट जाणारी उष्णता अडवेल आणि वाफेऐवजी दाब टिकवेल. एक पिंप तेलासाठी दोन ते चार पिंपं पाण्याची वाफ करावी लागते, तेव्हा ही बचत लहान नाही. मेग एनर्जी या कंपनीनं अल्बर्टातल्याच ख्रिस्तिना लेक इथं जोडविहिरींच्या मधे जादा विहिरी घेऊन ही युक्ती व्यवहारात आणली. माझ्या मते खरी कसोटी वेळेची आहे. पोकळी वाढत असताना वायू सोडला तर नुकसान. ती वाढून शेजारच्या पोकळीला भिडली, की फायदा.

वायूवरून अल्बर्टात भांडणंही झाली. काही ठिकाणी बिट्युमेनच्या डोक्यावरच नैसर्गिक वायूचा थर आहे आणि दोन्हींचे परवाने वेगवेगळ्या कंपन्यांकडे! वायू उपसला की त्या थरातला दाब उतरतो. मग खालून वर चढणारी वाफ त्यात पळून जाणार, ही बिट्युमेनवाल्यांची तक्रार. ती मान्य करून प्रांताच्या ऊर्जा नियामकानं २००३ साली शेकडो वायुविहिरी बंद करायला लावल्या. हाताशी असलेला वायू जमिनीतच ठेवायचा, तोही उद्याच्या तेलासाठी, हा निर्णय वायूवाल्यांना जाचला. पण तांत्रिकदृष्ट्या तो योग्यच होता.

 

राहिला प्रदूषणाचा हिशेब. वाफेचे बॉयलर नैसर्गिक वायूवरच चालतात. त्यामुळे वायू मिसळून वाफ वाचली की दर पिंपामागचा धूर घटतो, हे खरं. पण वाचलेली वाफ कंपन्या नव्या जोडविहिरींकडे वळवतात आणि बॉयलर पूर्वीइतकेच धगधगत राहतात. एकूण धूर त्यामुळे कमी होत नाही, तेल तेवढं जास्त निघतं.