माओरीची जबाबदारी कोणाकडे?

वेलिंग्टन : न्यूझीलंडमधल्या इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत माओरी हा सक्तीचा विषय नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे आधीच सांगायला हवं, कारण लांबून पाहणाऱ्याचा समज नेमका उलटा होतो. १९८७च्या कायद्यानं माओरी अधिकृत भाषा झाली, पासपोर्टवर ती छापलेली असते, राष्ट्रगीत आधी माओरीत आणि मग इंग्रजीत म्हणतात, २०२२पासून मातारिकी या माओरी नववर्षाची सार्वजनिक सुट्टीही मिळते. पण शाळेत माओरी किती आणि कशी शिकवायची, हे बहुतांशी त्या शाळेचे मुख्याध्यापक आणि पालकांनी निवडून दिलेलं मंडळ ठरवतं. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. २०२०च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य झाली आणि कायदा मोडणाऱ्या शाळेला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. निगडीपासून मोशीपर्यंत आणि पुढे चाकणपर्यंत उभ्या राहिलेल्या इंग्रजी शाळांनी वेळापत्रकात मराठीचा तास घातला, आणि सरकारच्या लेखी काम झालं. माझं म्हणणं असं की, कायद्यानं विषयाला तास मिळतो. शाळेत भाषेचं वजन वाढतं ते एखाद्या शिक्षकाला त्या कामासाठी वेळ, भत्ता आणि अधिकार दिला तर. न्यूझीलंडचा अनुभव, त्याच्या अपयशांसकट, हेच सांगतो.

तो अनुभव आला कुठून, हे थोडक्यात. १८६७च्या नेटिव्ह स्कूल्स कायद्यानं माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी आणली. पुढे शाळेत माओरी बोललं म्हणून मार खाल्लेल्यांच्या पिढ्या झाल्या, आणि त्या पिढ्यांनी आपल्या मुलांशी घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलं. तरी १९१३मध्ये माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांना आपली भाषा बोलता येत होती असं सांगतात. १९७५पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली आलं. मधल्या काळात एक गोष्ट घडली, आणि पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला तीच ओळखीची वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी माणूस गाव सोडून ऑकलंड-वेलिंग्टनच्या कारखान्यांत आला. गावात भाषा जपायला वेगळं काही करावं लागत नव्हतं, आजी-आजोबा होते, सभागृहाचं अंगण (मराए) होतं. शहरातल्या वसाहतीत शेजारी इंग्रजी, फोरमन इंग्रजी, शाळा इंग्रजी. एका पिढीत भाषा गेली. म्हणून चळवळही शहरातल्या तरुणांनीच उभारली. १४ सप्टेंबर १९७२ रोजी हाना ते हेमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत नेला. मागणी साधी होती, शाळेत माओरी शिकवा. १९८२मध्ये कोहांगा रेओ, म्हणजे संपूर्ण माओरीत चालणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या. १९८५मध्ये ऑकलंडच्या पश्चिमेला होआनी वाइतिती मराएवर संपूर्ण माओरी माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली. सरकारनं कायदा केला तो त्यानंतर. आधी माणसं कामाला लागली, मागून कायदा आला, हा क्रम ध्यानात ठेवावा.

माओरी माध्यमाच्या त्या शाळांबद्दल जगभर लिहिलं जातं, पण देशातल्या एकूण विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ३ टक्के मुलं तिथं शिकतात. उरलेली मुलं साध्या इंग्रजी शाळेत जातात आणि खरी कसोटी तिथं आहे. अशा बऱ्याच शाळांत एका शिक्षिकेकडे माओरी भाषा आणि संस्कृतीचं नेतृत्व सोपवलेलं असतं. तिचं काम मुलांपेक्षा आधी सहकाऱ्यांना शिकवण्याचं असतं. स्टाफ मीटिंगची पहिली काही मिनिटं तिची: या आठवड्यात प्रत्येक वर्गशिक्षकानं ‘बसा’, ‘ऐका’, ‘दार लावा’ या सूचना माओरीतच द्यायच्या, पुढच्या आठवड्यात हजेरी माओरीत घ्यायची. गणिताच्या तासाला आकडे, चित्रकलेच्या तासाला विणकामाचे नमुने, भूगोलात परिसरातल्या नद्यांची मूळ नावं कुठं बसवायची याचा सत्रवार आराखडा ती करते. नवीन मुलं आली की स्वागताचा विधी असतो. हाक कोणी द्यायची, पाहुण्यांनी कोणत्या बाजूनं यायचं, भाषणानंतर गाणं कोणतं, हे मुलांकडून बसवून घेणं तिच्याकडे. शाळेची जमीन ज्या जमातीच्या मुलखात येते तिच्या ज्येष्ठांशी संबंध ठेवणं आणि स्थानिक कथा त्यांच्या परवानगीशिवाय वर्गात न सांगणं, हेही तिच्याकडेच. या कामासाठी तिला थोडा भत्ता आणि आठवड्यातून काही वेळ वर्गाबाहेर मिळतो. मिळतोच असं नाही, पण मिळायला हवा हे सगळ्यांना मान्य असतं. आपल्या शाळांत अशी एक व्यक्ती असते, पण ती स्नेहसंमेलनासाठी असते.

हे चित्र गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. शिक्षण मंत्रालय माओरी शिक्षणाचे स्तर ठरवतं. सर्वांत वरच्या स्तरात ८१ ते १०० टक्के शिकवणं माओरीत असतं, सर्वांत खालच्या स्तरात गाणी, अभिवादनं आणि सुटे शब्द. आठवड्याला ३ तासांच्या खाली गेलं की विशेष अनुदान नाही. साध्या शाळांतली पुष्कळ मुलं या तळाच्या स्तरातच राहतात. पहिल्या वर्षी रंग आणि आकडे, सहाव्या वर्षीही रंग आणि आकडे. माओरी टीकाकार याला दिखाऊपणा म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. दुसरी तक्रार अधिक बोचरी आहे. शाळेत एकच माओरी शिक्षिका असेल तर सगळं तिच्याच गळ्यात पडतं: प्रार्थना, पाहुणे, रुसलेले माओरी पालक, सगळंच. तिची पदोन्नती राहते बाजूला. आणि जिथं माओरी शिक्षक नाही तिथं हे काम गोऱ्या शिक्षिकेकडे जातं, तेव्हा आमची भाषा आम्हाला कोण शिकवतंय, असाही प्रश्न येतो. शिवाय सरकार बदललं की हवा बदलते. शिक्षकांना माओरी शिकवणाऱ्या ‘ते आहु ओ ते रेओ माओरी’ या कार्यक्रमाचे ३ कोटी डॉलर २०२४मध्ये शिक्षणमंत्री एरिका स्टॅनफर्ड यांनी गणिताच्या साहित्याकडे वळवले. तरीही वर्गातली माओरी थांबलेली नाही, कारण ज्या शाळांत ती रुजली होती तिथं आराखडे, गाणी, सवयी आणि तयार झालेले सहकारी शिल्लक होते. वरून आलेला पैसा एका निर्णयानं जातो, शाळेत तयार झालेलं मनुष्यबळ तसं जात नाही. पण नवीन शाळांना आता कोण तयार करणार, हा प्रश्न उरतोच.

आता चाकण पट्ट्याकडे. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज. २००९च्या सुमारास चाकणमध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती, आज ती कितीतरी पुढे आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा माध्यमांत चालतात, यावरूनच वस्तीचा अंदाज यावा. खासगी इंग्रजी शाळेत मात्र मराठी बहुधा अशा शिक्षिकेकडे असते जिला शाळेत सर्वांत कमी विचारलं जातं. परिपाठ इंग्रजीत, सूचनाफलक इंग्रजीत, पालकसभा इंग्रजीत, आणि व्हरांड्यात मराठी बोलू नका असं मराठी मुलांनाच सांगणाऱ्या शाळाही आहेत. वर सरकारनंच एप्रिल २०२३मध्ये कोविडचं कारण देऊन इतर मंडळांच्या शाळांतल्या एका तुकडीपुरती गुणांऐवजी श्रेणीची मुभा दिली. ज्या विषयाचे गुण धरत नाहीत त्याचं शाळेत काय होतं, हे पालकांना सांगायला नको. दंडाची भीती शाळेला तास दाखवायला लावते. तो तास कसा जावा याची काळजी दंडाच्या कलमात मावत नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. माओरी बोलणारे २०२३च्या जनगणनेत २ लाख १४ हजारांच्या आसपास. मराठी मातृभाषा सांगणारे २०११मध्येच ८ कोटी ३० लाख. मरणपंथाला लागलेल्या भाषेचे उपाय धडधाकट भाषेला कशाला? पण संख्या हा पुरावा वाटतो तितका पक्का नाही. माओरी गेली ती बोलणारे थोडे होते म्हणून नव्हे. १९१३मधला ९० टक्क्यांचा आकडा काय सांगतो? घरोघरी भाषा असतानाच शाळेनं आणि पालकांनी मिळून ती मुलांच्या प्रगतीच्या आड येते असं ठरवलं. प्राधिकरणातल्या सोसायटीत आज मराठी आईबाप मुलाशी इंग्रजीत बोलताना दिसतात तेव्हा निर्णय तोच असतो, फक्त मार न खाता घेतलेला. मराठी उद्या संपणार नाही, हे खरं. ती बोलीत राहील आणि लिहिण्यावाचण्यातून, विचारातून उठेल. ३ ऑक्टोबर २०२४ला मिळालेला अभिजात दर्जा त्याला अटकाव करू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चाकण, म्हाळुंगे, कुरुळीच्या खोल्यांत राहणारा ओडिशाचा किंवा बिहारचा कामगार दोन वर्षांनी कुठं असेल हे त्याला माहीत नाही. त्याच्या मुलावर मराठी लादणं हा अन्याय नाही का? १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी आणली तेव्हा महाराष्ट्र खवळला, जूनअखेर सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. लादणं आपल्याला आवडत नाही, मग आपण का लादावं? न्यूझीलंडमध्ये २ लाख ९२ हजार भारतीय वंशाचे लोक आहेत, मराठी कुटुंबंही त्यांत आली. त्यांची मुलं शाळेत माओरीत ओळख सांगायला शिकतात. माओरी रीतीत माणूस आधी आपला डोंगर आणि नदी सांगतो, मग पूर्वज, आणि नाव शेवटी. बाहेरून आलेल्या मुलानं इथला डोंगर माझा म्हणावा का, यावर इथं बराच वाद झाला. जाणत्या शिक्षिका त्यातून वाट काढतात: मूल आपल्या कुटुंबाच्या मुलखातली नदी सांगतं, आणि मग या डोंगराच्या सावलीत मी वाढतो आहे असं म्हणतं. त्याला काही सोडावं लागत नाही. महानदीकाठच्या मुलानं मराठीत महानदी सांगावी, मग इंद्रायणी सांगावी, भामचंद्र डोंगर आणि तुकोबा सांगावेत, फिरंगोजी नरसाळ्यानं १६६०मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध लढवलेला चाकणचा किल्ला सांगावा. पिंपरीत वाढलेल्या कितीशा मराठी मुलांना तरी पवनेबद्दल चार वाक्यं बोलता येतील? हे पाठ्यपुस्तकातून होत नाही. स्थानिक आराखडा करणारं कोणीतरी शाळेत बसलेलं लागतं.

याच न्यायानं खेड-मावळातल्या ठाकर आणि कातकरी मुलांची गोष्ट येते, आणि इथं मराठीच्या कैवाऱ्यांना थोडं अवघडल्यासारखं व्हायला हवं. त्या मुलांच्या घरच्या बोलीशी प्रमाण मराठी जशी वागते, ते इंग्रजीच्या मराठीशी वागण्यापेक्षा फार वेगळं नाही. चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांनी पारधी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी उभं केलेलं पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् या समाजांकडचं पारंपरिक कौशल्य शिक्षणात आणतं. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या संस्थेच्या विचारसरणीशी मतभेद असू शकतात. पण मुलाच्या समाजाकडे असलेलं ज्ञान शाळेच्या दारातून आत येऊ देणं, हा तिथला मुद्दा माओरी शाळांच्या जवळ जाणारा आहे. फरक असा की तो गुरुकुलात अडकून राहिला. शेजारच्या साध्या शाळेत त्याचं काही पोहोचलं नाही.

उरला पैशाचा आणि वेळेचा प्रश्न. शिक्षकांवर आधीच निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत कामं आहेत, त्यात आणखी एक पद कुठून आणायचं? सरकारी शाळांबाबत हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. शिक्षकाला अशैक्षणिक कामातून सोडवल्याशिवाय हे होणार नाही. खासगी शाळांबाबत मात्र तो टिकत नाही. या पट्ट्यातल्या अनेक शाळा रोबोटिक्ससाठी, फ्रेंच आणि जर्मनसाठी वेगळे शिक्षक ठेवतात आणि त्याची फी घेतात. जर्मन कारखान्यामुळं जर्मन शिकवायला समन्वयक सापडत असेल तर मराठीलाही सापडेल. २०११च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजुरीला येते. तिथं बस, गणवेश, स्विमिंग पूल यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच बैठकीत एक प्रश्न विचारता येतो: मराठीसाठी शाळेत कोण जबाबदार आहे, तिच्याकडे आठवड्याला तास किती, आणि मोकळा वेळ किती?