आधी वजन सांगा, मग शीड!

मैत्रिणींनो, चारचौघींत कुणी वजन विचारलं की आपण दोन-चार किलो कमीच सांगतो, हो ना? विंडसर्फिंगला जाल तिथं मात्र ही लपवाछपवी चालायची नाही. गोव्याला शिकायला जाणाऱ्या माझ्या भाचीला प्रशिक्षकांनी नावापाठोपाठ वजनच विचारलं होतं!

विंडसर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून, हातात शीड धरून, वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून पळणं. वारा शीड ओढतो आणि आपण मागे रेलून अंगाच्या भारानं ते तोलून धरतो. तराजूच म्हणा ना, एका पारड्यात वारा, दुसऱ्यात आपण! म्हणून वजनदार व्यक्तीला मोठं शीड, हलकीला लहान. वारा वाढला की मात्र सगळ्यांनाच लहान. कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरचा जोर चौपट होतो.

चांगलं येणाऱ्यांसाठी एक ढोबळ हिशेब आहे. किलोतल्या वजनाला वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगानं भागायचं आणि १.३४ नं गुणायचं. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) वारा १५ नॉट असेल, तर ५५ किलोच्या मुलीला साधारण ४.९ चौरस मीटरचं शीड आणि ७५ किलोच्या तिच्या भावाला ६.७ चं. वारा २० नॉटवर गेला की तिला ३.७ पुरतं. नवशिक्यांनी या हिशेबात न पडता मंद वारा आणि लहान शीडच घ्यावं.

खरी गोम पुढेच आहे. घरात दादाचं शीड असतं, ‘तेच वापर’ म्हणतात. पाण्यात पडलेलं ते मोठं शीड दोरीनं ओढून वर काढता काढता पोरीचे हात भरून येतात. मग सगळे म्हणणार, ‘मुलींच्या अंगात ताकदच नसते.’ अहो, ताकदीचं काय घेऊन बसलात, माप चुकलंय! शेतातला फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या आमच्या बचत गटातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

ऑलिंपिकमध्ये तर उलटाच प्रकार. तिथं शिडाचं माप ठरलेलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला महिलांसाठी ८ आणि पुरुषांसाठी ९ चौरस मीटर. वारा मंद असो की सोसाट्याचा, शीड तेच. मग शरीरच शिडाजोगं करावं लागतं. या प्रकारासाठी खेळाडू चक्क वजन वाढवतात, स्नायूंचं हं! आपल्याकडे ‘जरा बारीक हो’ ऐकून ऐकून कान किटलेल्या मुलींना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

किनाऱ्यावर वारा ओळखायचा तर लाटांचे माथे बघा. पांढरा फेस जागोजागी दिसू लागला की वारा दहा-बारा नॉटच्या पुढे गेला समजावं. उन्हाळ्यात दुपारनंतर खारा वारा वाढतो, तेव्हा सकाळी निवडलेलं शीड दुपारी चालेलच असं नाही. दोन मापांत मन अडकलं, तर नवख्या मुलीनं धाकटं घ्यावं.